बिपनाला बोलवा

शाळेचा शिपाई म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. घंटा द्यायची, पाणी भरायचं, नोटीस वर्गावर फिरवायची आणि कुणाला बाहेरून बोलावणं आलं की वर्गाच्या दारात उभं राहून मान आत घालायची. सव्वीस वर्षं मी हेच करतो आहे. पोरं मला मामा म्हणतात, शिक्षक शिवदास म्हणतात. या सव्वीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ज्या एका पोरीला मी वर्गातून उठवलं, तिचं नाव बिपना बोहरा. तिच्याबद्दल लिहायला बसलो आहे खरा, पण आधीच सांगून टाकतो, यात माझी शोभा होईल असं काही नाही.

आमचं गाव अलिबाग आणि काशीदच्या मधलं. बंदरावर साठ-पासष्ट बोटी आहेत. पूर्वी खलाशी गावातलेच असत. आता गावची पोरं बोटीवर पाय ठेवत नाहीत. कुणी रिसॉर्टवर कामाला, कुणी मुंबईला, कुणी नुसतंच कट्ट्यावर मोबाईल चोळत. बोटींवर सगळे नेपाळी. ऑगस्टात बोटी सुटल्या की ते येतात आणि जूनला बोटी वर ओढल्या की मुलुखाला जातात. काहींनी बायकापोरं आणली आणि बंदरामागच्या पत्र्याच्या खोल्यांत संसार मांडले. बायका कोळंबी सोलतात, जवळा सुकवतात. त्यांची पोरं आमच्या शाळेत येतात.

गावातल्या लोकांची पोरं सकाळी पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जातात. माझा नातूही त्याच बसमध्ये असतो, त्यामुळे कुणाला नावं ठेवायला मला तोंड नाही. आमच्या मराठी शाळेचे वर्ग बंद पडायला आले होते, ते या बाहेरून आलेल्या पोरांनी वाचवले. मास्तरांच्या नोकऱ्या राहिल्या आणि माझीही राहिली. स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना माहीत आहे, पण मोठ्याने कुणी बोलत नाही.

बिपना आली तेव्हा सहा वर्षांची होती. बाप दलबहादूर, बुधाजी नाखव्याच्या बोटीवर खलाशी. आई मनसरा कोळंबी सोलायला. पहिलं वर्षभर पोरीने तोंड उघडलं नाही आणि दुसऱ्या वर्षापासून मिटलं नाही. कोळणींच्या टोपल्यांशेजारी बसून ती आमची बोली अशी उचलून बसली की भांडणात ती बोलायला लागली तर गावातल्या पोरी गप्प व्हायच्या. नारळी पौर्णिमेला नाचायला पुढे, शाळेच्या गॅदरिंगला पुढे. नवीन आलेल्या एका मास्तरांनी तिला विचारलं, "तू मूळची कुठली गं?" तर म्हणाली, "बंदरावरची. अजून कुठली असनार?" मास्तर माझ्याकडे बघायला लागले. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! जसं काही मीच तिला बोलायला शिकवलं होतं.

ती सहावीत असताना, पाऊस ओसरत आलेल्या दिवसांत, उपकेंद्रातल्या हेमांगी सिस्टरचा मला फोन आला. उपकेंद्र शाळेच्या मागच्या आळीत आहे. एक नेपाळी बाई बाळंत व्हायला आली होती, नवरा समुद्रात. बाई कळवळून काहीतरी सांगत होती आणि सिस्टरला ओ की ठो कळत नव्हतं.

"शिवदासभाऊ, तुमच्या शाळेत नेपाळी पोरी आहेत ना? त्यातली मोठी कुणीतरी पाठवा."

मोठी कुठली पाठवणार? सगळ्यात मोठी बिपनाच, बारा वर्षांची. मी वर्गात मान घातली, "दवाखान्यात जरा काम आहे" म्हटलं आणि तिला घेऊन गेलो. एवढ्याशा पोरीला तसल्या खोलीत न्यावं का, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. ती पडद्याशी उभी राहिली. बाईने सांगितलं, हिने ऐकलं आणि सिस्टरला म्हणाली, "तिचं पाणी काल दुपारीच गेलंय. तवापासून ती कुनाला सांगतंय, पन कुनाला कळतच न्हाय." सिस्टर ताडकन उठली, गाडी बोलावली, बाईला तालुक्याला पाठवलं. बाळ-बाळंतीण दोघंही वाचली. तासभर आणखी गेला असता तर अवघड होतं, असं सिस्टरने नंतर सांगितलं.

परत येताना बिपना मला म्हणाली, "मामा, सिस्टर व्हायला किती शिकाला लागतं?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजे कितवी?"

मला कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवशी तिने हेमांगी सिस्टरलाच जाऊन विचारलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून आणलं. दहावी, मग बारावी सायन्स, मग नर्सिंगची चार वर्षं. तो कागद ती दर वर्षी नव्या वहीत चिकटवायची. कुणी विचारलं की मोठी होऊन कोण होणार, तर बाकीची पोरं काहीबाही सांगत. ही सांगायची, "सिस्टर," आणि पुढे "बारावी सायन्सला गनित लागतं" हेही जोडायची.

मी काय केलं, तर गावभर शेखी मिरवली. चहाच्या टपरीवर, सोसायटीत, एसटीच्या थांब्यावर, जो भेटेल त्याला ती बाळंतपणाची गोष्ट. आमच्या शाळेची पोरगी, आमची बिपना. आणि त्यातून एक उद्योग करून ठेवला. उपकेंद्र, पोलीस चौकी, बँक, मच्छीमार सोसायटी, सगळीकडे माझा फोन नंबर देऊन आलो. "नेपाळी माणसाचं काही अडलं तर शिवदासला कळवा, पोरगी हजर करतो." मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. जन्मभर घंटा बडवणाऱ्या माणसाला चार ठिकाणी साहेब लोक नावाने ओळखायला लागले, त्याची ती चटक होती.

मग फोन सुरू झाले. बँकेत कुणाचा अंगठा जुळत नाही, बिपनाला बोलवा. चौकीत दोन खलाशांची मारामारी, जबाब घ्यायचा आहे, बिपनाला बोलवा. लहान पोरांना डोस, बायका पोरं घेऊन पळतात, बिपनाला बोलवा. पुरुषांना हिंदी यायचं, पण चौकीतला कागद मराठीत आणि तो वाचून दाखवायला तीच लागायची. बायकांना तर हिंदीही धड येत नसे. शिवाय कामाची गोष्ट दुसऱ्या पुरुषाने सांगितली की त्यांचा विश्वास बसत नसे. बिपनाने सांगितलं की बसायचा. आठवड्यातून दोनदा-तीनदा माझी मान वर्गात जायची आणि मी काही बोलायच्या आत ती दप्तर बंद करायला लागायची.

आठवीत असताना एकदा तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. एका बाईच्या पोटातलं मूल आतच गेलं होतं. डॉक्टरांनी बिपनाला सांगितलं आणि बिपनाने त्या बाईला सांगायचं होतं. पोरगी खाटेजवळ गेली. मग त्या बाईचा हात धरून हळू आवाजात बोलली. बाईने जो हंबरडा फोडला तो मी बाहेरच्या बाकावर ऐकला. परतताना स्कूटरवर मागे बसून बिपनाने मला विचारलं, "मामा, डॉक्टर जेवढं बोलतात तेवढं सगळं सांगाचंच का?"

"जसंच्या तसं सांगायचं. आपण मनाला लावून नाही घ्यायचं."

 शाळेच्या फाटकाशी ती उतरली, वर्गात जाऊन आपल्या जागेवर बसली आणि मी पुढच्या तासाची घंटा दिली. आज तो दिवस आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. चौदा वर्षांची होती ती.

नववीचा निकाल लागला. गणितात पस्तीस, तेही काठावर. गणित शिकवणाऱ्या कल्पिता मॅडम तिच्या वर्गशिक्षिका. बाई पेणच्या, आवाज खणखणीत, कुणाची भीड ठेवत नाहीत. त्यांनी मला बोलावलं आणि हजेरीपट माझ्यासमोर आपटला.

"मोजा."

"काय मोजू, मॅडम?"

"बिपनाच्या नावापुढे अर्ध्या दिवसाच्या खुणा आहेत त्या. मोजा."

मोजल्या. त्रेसष्ट भरल्या. गणिताचा तास दुपारी असतो आणि फोनही बहुतेक दुपारीच यायचे, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

"शिवदास, ही पोरगी सगळ्या जगाचं काम करते आणि तिचं काम कुणी करत नाही. गणित गेलं तर सायन्स गेलं. सायन्स गेलं तर ती पुढे काय करणार, कोळंबी सोलणार? आणि तुम्ही त्याचं कौतुक सांगत फिरता!"

मला राग आला. माझं वय बघा, त्यांचं वय बघा. पण राग उतरल्यावर कळलं, बाई खरं बोलत होत्या. मी परत सगळीकडे फिरलो. उपकेंद्र, चौकी, बँक, सोसायटी. दहावी संपेपर्यंत बिपनाला शाळेतून बोलावायचं नाही, म्हणून हात जोडले. हवालदार हसला. म्हणाला, "लावलास तूच, आता तोडतोस पण तूच?" बंदरावर तर बायकांनी तोंडं फिरवली. दलबहादूरला मॅडमनी शाळेत बोलावून समजावलं. तो बिचारा टोपी हातात धरून उभा. "मॅडम, हमको क्या मालूम. आप जो बोलेगा." मनसराने फक्त लेकीकडे बघितलं. बिपनाने रविवार मागून घेतला. रविवारी ती बंदराची, बाकीचे सहा दिवस मॅडमची, असं ठरलं.

ते वर्ष चांगलं गेलं. शाळा सुटल्यावर मॅडम तिला तासभर थांबवून घ्यायच्या. मी वर्ग झाडायचं निमित्त करून मागे रेंगाळायचो. पहिल्या चाचणीत सत्तेचाळीस, सहामाहीला अडुसष्ट, पूर्वपरीक्षेत एक्क्याऐंशी. मॅडमच्या तोंडावर मी पहिल्यांदा हसू बघितलं.

त्याच डिसेंबरात बंदरावर तुलसा आली. धनबीर नावाचा खलाशी बुधाजी नाखव्याच्याच बोटीवर होता, त्याची ही नवी बायको. डोंगरातून थेट इथे आलेली, हिंदीचा गंध नाही, समुद्राकडे बघायलाही घाबरायची. धनबीर आठ-आठ दिवस बोटीवर. ती खोलीचं दार लावून बसायची आणि रविवारची वाट बघायची. रविवारी बिपनाची ओढणी धरून ती बाजार, दवाखाना, दुकान सगळीकडे हिंडायची. मी तिला कधी दुसऱ्या कुणाशी बोलताना पाहिलं नाही.

मार्चात परीक्षा सुरू झाली. केंद्र आमच्याच शाळेत होतं. मराठी झालं, इंग्रजी झालं. गणिताच्या पहिल्या पेपरच्या दिवशी बिपना दहालाच येऊन पायरीवर बसली होती. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. साडेदहाला पोरांना आत घ्यायचं असतं. दहा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. बुधाजी नाखवा.

"शिवदास, पोरीला घेऊन ये लवकर. धनबीरचा हात जालं वढायच्या विंचमदी गेलाय. दवाखान्यात आनलाय. डॉक्टर बोलतात हात कापाला लागंल, न्हायतर मानूस जाईल. न ती बाय सही करत न्हाय, कुनाला त्याच्या अंगाला हात लावू देत न्हाय. बिपनाला बोलवा, बिपनाला बोलवा, येवढंच वरडतंय."

"नेपाळी माणसं असतील ना तिथे कुणी?"

"तिगं हायेत. त्यांचं ऐकत न्हाय ती."

मी पायरीकडे बघितलं. तालुक्याचा दवाखाना पाऊण तासावर. एकदा गेली की पेपर गेला. "जुलैत परत देता येईल" असं लोक म्हणाले असते. पण जुलैत बोटी बंद असतात, दलबहादूर पोरीला घेऊन मुलुखाला जातो. तिकडे गेलेल्या पोरी पुढे परत आल्या नाहीत, अशा दोन मी पाहिल्या होत्या. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्रेसष्ट खुणा दिसत होत्या. या वेळी तरी मी तिला उठवणार नाही, असं मी मनाशी म्हटलं.

"नाखवा, पेपर सुरू झाला. आता सोडत नाहीत," मी म्हणालो. पेपर सुरू व्हायला पन्नास मिनिटं होती. मी फोन बंद करून टाकला.

बिपनाने डोळे उघडले. "मामा, कुनाचा फोन?"

"माझ्या मेव्हण्याचा."

साडेदहाला ती आत गेली. दोन तास मी व्हरांड्यात पाण्याचा जग घेऊन येरझारा घालत होतो. तिच्या बाकाजवळून गेलो तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, म्हणजे पेपर सोपा आहे. मी घाईने पुढच्या बाकाकडे वळलो.

एक वाजता ती बाहेर आली ती उड्या मारतच. "मामा, एक पन सोडला न्हाय. मॅडमनी घेतलेलीच गनितं आली." फाटकात मनसरा उभी होती, कोळंबी सोलायच्याच कपड्यांत, हात तसेच ओले. ती लेकीशी बोलायला लागली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बिपनाचं तोंड बघून सगळं कळत होतं. तिने एकदा वळून माझ्याकडे बघितलं. मग दोघी रिक्षात बसून गेल्या.

तिकडे डॉक्टरांनी शेवटी सहीची वाट बघितली नाही. बायकांनी तुलसाला धरून बाजूला नेलं आणि साडेबाराला धनबीरला आत घेतलं. बिपना पोचली तोवर हात काढून झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याला मुंबईला हलवत असताना तो गेला. मी नंतर त्या डॉक्टरांना गाठून विचारलं की दोन तास आधी झालं असतं तर? डॉक्टर भले होते. म्हणाले, "रक्त फार गेलं होतं. कदाचित वाचला असता, कदाचित नाही. सांगता येत नाही." मला एक काहीतरी पक्कं ऐकायचं होतं. ते मिळालं नाही.

बंदरावर मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. बिपना पेपर देत बसली आणि धनबीर मेला. शाळा शिकून ती मराठी लोकांची झाली, आपल्यांसाठी तिला वेळ नाही. मनसराशेजारी कोळंबी सोलायला बायका बसेनात. पाण्याच्या नळावर तिच्यासाठी जागा सोडेनात. हेमांगी सिस्टरने मला हे सांगितलं, तेव्हा मी बंदरावर गेलो. सगळ्यांसमोर सांगणार होतो की फोन मी दाबला, पोरीला काही माहीत नव्हतं. सांगितलंही, हिंदीत, जमेल तसं. चार पुरुषांनी मान हलवली. बायका आपापसात काहीतरी बोलल्या आणि आत निघून गेल्या. त्यांना पटेल असं माझं बोलणं समजावून सांगणारं तिथे एकच माणूस होतं, आणि ते खोलीच्या दारात उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

बिपना माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. "दहा वाजून दहा मिनटांनी फोन आलेला ना?"

"व्हय."

"मी पायरीवरच होती."

"पोरी, तुझं वर्ष..."

"मना इचारायचं तरी, मामा. मी काय सांगितलं असतं ते मनापन म्हाईत न्हाय. पन इचारायचं."

ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते एखाद्या कागदावरचं वाचून दाखवावं तसं सांगितलं. मी कपाळाला हात लावून रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो.

उरलेले पेपर मॅडमनी तिला हाताला धरून आणून बसवलं म्हणून झाले. निकाल लागला. सत्त्याऐंशी टक्के, शाळेत पहिली, गणितात ब्याण्णव. ब्याण्णव हा आकडा बघून मॅडम खुर्चीत बसून रडल्या. सत्काराला बिपना आली नाही. गुणपत्रिका आणि दाखला न्यायलाही आली नाही. अकरावीचा अर्ज मॅडमनीच भरला, सही घ्यायला मनसराकडे गेल्या. पहिल्या यादीत अलिबागच्या कॉलेजात सायन्सला नाव लागलं. जाऊन प्रवेश पक्का करायला तीन दिवस होते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, पोरगी फिरकली नाही.

बोटी वर ओढलेल्या होत्या. नेपाळी सगळे मुलुखाला गेलेले, दलबहादूरसुद्धा. तुलसा मात्र जाऊ शकत नव्हती, कारण धनबीरच्या अपघाताच्या मदतीचा कागद अडकला होता. बोटीचा कागद, दवाखान्याचा कागद, लग्नाचा कागद, प्रत्येकाला दुसरा कागद हवा. म्हणून बिपना तिच्यासाठी थांबली होती आणि बिपनासाठी मनसरा. मे महिन्यापासून पोरगी त्या विधवेला घेऊन अलिबागच्या एका कचेरीत खेटे घालत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून जात होती.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी गुणपत्रिका, दाखला, फोटो सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "शिवदास, माझं ऐकत नाही ती. तुम्ही जा. पाचला कॉलेजची खिडकी बंद होते."

दुपारी तीनला मी कचेरीत पोचलो. बाहेर पाऊस लागला होता. व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या होत्या. तुलसाने बिपनाची ओढणी बोटाला गुंडाळून धरली होती. मी पिशवी पुढे केली.

"चल. कॉलेज इथून दहा मिनिटांवर आहे. तुझी सही आणि हे कागद, बस. अर्ध्या तासात परत आणून सोडतो."

"साहेब कवापन बोलवतील. आज न्हाय झालं तर साहेब पंधरा दिवस न्हायत."

"आणि आज तू नाही गेलीस तर जागा गेली. पुढच्या यादीत मिळेल का, मॅडमनाही सांगता येत नाही."

"म्हाईत हाय."

"मग मी बसतो ना हिच्याजवळ! साहेबांनी बोलावलं तर मी जातो आत."

बिपनाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या लहान पोराकडे बघावं तसं. "साहेब काय बोलतात ते तुमी हिला कसं सांगनार? हिला काय पायजे ते तुमाला कसं कळनार?"

 दहा वर्षं मी या माणसांत वावरलो. पोरगी आमची भाषा शिकली, बोली शिकली, शिव्यासुद्धा शिकली. मी तिच्या भाषेतला एक शब्द शिकलो नव्हतो. पाणी कसं मागायचं हेही मला येत नव्हतं. कशाला शिकायचं? बिपना होती ना.

तरी मी सोडलं नाही. म्हटलं, धनबीर तुझ्यामुळे गेला नाही, माझ्यामुळे गेला असेल. पाप माझं आहे, तू का फेडतेस? सिस्टर व्हायचं म्हणत होतीस, त्या सिस्टर होण्यानेच अशा कितीतरी बायका... मी काय काय बोललो ते आता नीट आठवत नाही. शेवटी हात जोडले. बाजूच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तुलसा घाबरून बिपनाला काहीतरी विचारू लागली. बिपनाने तिला दोन शब्दांत काही सांगून शांत केलं आणि मग माझे जोडलेले हात धरून खाली केले.

"मामा, तवा तुमी ठरवलात. आज मी ठरवतंय."

मी तिच्या शेजारी बसलो. पिशवी मांडीवर. साडेतीन झाले, चार झाले. मॅडमचा फोन आला, मी सांगितलं की बसलोय. मॅडमनी फोन ठेवला. पावणेपाचला शिपायाने दारातून मान बाहेर काढून तुलसाचं नाव पुकारलं. दोघी उठून आत गेल्या.

दार उघडंच होतं. बिपना साहेबांशी बोलत होती, अगदी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ मराठी, एकेक तारीख, एकेक कागद. साहेबांनी मान वर करून विचारलं, "तू कितवीला आहेस गं?" तिने पुढचा कागद ठेवला. मग ती तुलसाकडे वळली आणि तिला समजावून सांगायला लागली. पाच वाजले. ती बराच वेळ बोलत होती आणि मी बाहेर बसून ऐकत होतो. त्यातला एक शब्द मला कळत नव्हता.